फॅल्मथच्या धक्क्यावरील आठ तास

लहान, ऐतिहासिक आणि उष्णकटिबंधातील बंदराला क्रूझ जहाजाने दिलेली एका दिवसाची भेट प्रवाशाच्या दृष्टीने विरंगुळ्याची असते. परंतु ती घडवून आणणारी यंत्रणा जवळून पाहिली, म्हणजे तिच्या मुळाशी वेळेच्या काटेकोर वाटणीवर चालणारी मोठी श्रमप्रक्रिया आहे, हे ध्यानात येते. पहाटे वाटाड्या अधिकारी जहाजावर चढतो तेव्हापासून दुपारी शेवटचा दोर सुटेपर्यंत शेकडो माणसे ठरलेल्या क्रमाने कामे करीत असतात, आणि गावात पाहुण्यांना किती वेळ मिळणार, ते कोठपर्यंत जाणार, काय पाहणार व काय पाहावयाचे राहून जाणार, हे बव्हंशी त्या क्रमावरच अवलंबून असते. जमैका बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील फॅल्मथ हे गाव या प्रक्रियेच्या अभ्यासासाठी विशेष योग्य आहे. कारण मोठी जहाजे आत येऊ शकली नाहीत म्हणून जे गाव आपले जुने रूप टिकवून राहिले, तेच गाव त्या जुन्या रूपाच्या आधारावर आज जगातील सर्वांत मोठ्यांत गणल्या जाणाऱ्या प्रवासी जहाजांना बोलावते.

फॅल्मथ हे ट्रेलॉनी पॅरिशचे मुख्य ठिकाण आहे. पॅरिश म्हणजे जमैकातील प्रशासकीय विभाग. आपल्याकडील जिल्ह्याचे स्थान तेथे पॅरिशला आहे. माँटेगो बे या मोठ्या शहरापासून पूर्वेला सुमारे 30 किलोमीटरवर, मार्था ब्रे नदीच्या मुखाजवळ, 1769 मध्ये टॉमस रीड याने एडवर्ड बॅरेट या मळेवाल्याच्या जमिनीवर या गावाची आखणी केली आणि पुढच्याच वर्षी ट्रेलॉनी पॅरिश स्वतंत्र झाली. तत्कालीन गव्हर्नर सर विल्यम ट्रेलॉनी यांचे नाव पॅरिशला मिळाले आणि इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतातील बंदराचे नाव गावाला. एकमेकांना काटकोनात छेदणारे सरळ रस्ते, बाजारासाठी राखलेली मोकळी जागा आणि किनाऱ्यालगत वखारी व धक्के अशी ही मांडणी साखरेच्या व्यापारासाठी केलेली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस परिसरात शंभराच्या आसपास मळे होते, आणि भरहंगामात एकाच वेळी तीसपर्यंत शिडाची जहाजे या बंदरात नांगरलेली असत, असे वर्णन केले जाते.

त्या काळातील बंदराचे काम कसे चाले, हे समजून घेतल्याशिवाय जहाजाच्या आजच्या आठ तासांच्या मुक्कामाचा अर्थ लागत नाही. गावासमोर समुद्रात प्रवाळाचा खडक पसरलेला असून त्यातून आत येण्याची वाट अरुंद होती. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहत, ते जहाजाला आत आणत. बाहेर पडण्यासाठी मात्र पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यांची वाट पाहावी लागे. मळ्यांतून बैलगाड्यांनी आलेली साखर हॉग्जहेड नावाच्या मोठ्या लाकडी पिंपांत भरलेली असे, आणि ती पिंपे धक्क्यावरून सपाट बुडाच्या होड्यांत चढवून नांगरलेल्या जहाजापर्यंत नेली जात. कोकणच्या आगबोटींच्या काळात बोट खोल पाण्यात उभी राही आणि पडाव उतारूंची ने-आण करीत, तीच ही पद्धत होय. पूर्ण माल मिळेपर्यंत जहाज कित्येक आठवडे, कधी काही महिनेही थांबत असे. ऑगस्ट उजाडला की वादळांच्या भीतीने विम्याचा दर चढत असल्यामुळे त्यापूर्वी निघण्याची घाई होई, आणि त्या घाईचा सारा भार मळ्यावर, रस्त्यावर व धक्क्यावर राबणाऱ्या गुलाम माणसांच्या अंगावर पडे. बंदराचे वेळापत्रक लंडन आणि ब्रिस्टलच्या बाजाराने ठरवावे आणि त्याची किंमत येथील माणसांनी मोजावी, ही फॅल्मथच्या इतिहासातील मूळ रचना आहे.

आजचे जहाज येते तेव्हा अजून उन्हे तापलेली नसतात. बंदराच्या तोंडाशी पायलटची छोटी नाव जहाजाच्या बाजूला लागते आणि चालत्या जहाजाच्या कुशीतील दारातून अथवा दोरशिडीवरून पायलट वर चढतो. पायलट म्हणजे स्थानिक पाण्याचा जाणकार वाटाड्या; जहाजाची आज्ञा कप्तानाकडेच राहते, पण प्रवाहाची ओढ, वाऱ्याचा कल, खोदलेल्या मार्गाची रुंदी आणि खडकाची जवळीक यांविषयीचा सल्ला पायलटचा असतो. ओअॅसिस वर्गातील जहाज सुमारे 360 मीटर लांब असते, त्यावर पाच-सहा हजार प्रवासी आणि दोन हजारांहून अधिक कर्मचारी असतात, आणि त्याचे उंच अंग वारा अडवणाऱ्या प्रचंड शिडासारखे वागते. या वर्गाच्या जहाजांना नेहमीचे सुकाणू नसते. पिछाडीखाली चहूकडे फिरू शकणारे 20 मेगावॉटचे तीन विद्युत्-चालक असतात आणि नाळेत, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकात, आडवा जोर देणारे चार पंखे बसवलेले असतात. यांच्या साहाय्याने जहाज जागच्या जागी वळवता येते आणि धक्क्याकडे आडवे सरकवता येते. कप्तान या वेळी नियंत्रणकक्षाच्या समुद्रावर बाहेर काढलेल्या टोकाशी, म्हणजे ब्रिजच्या पंखावर, उभा असतो. तेथून त्याला जहाजाचे अंग आणि धक्का यांमधील अंतर सरळ खाली पाहता येते.

अंतर काही मीटरांवर आल्यावर दोरांचे काम सुरू होते. जहाजावरून वजन बांधलेली एक बारीक दोरी धक्क्यावर फेकली जाते, धक्क्यावरील माणसे ती ओढून घेतात, तिच्यामागून जाड दोर येतो आणि त्याचा फास बोलार्डवर, म्हणजे धक्क्यात रोवलेल्या लोखंडी खुंटावर, चढवला जातो. नाळेकडून पुढे जाणारे दोर जहाजाला मागे सरकू देत नाहीत, पिछाडीकडून मागे जाणारे दोर पुढे जाऊ देत नाहीत, काटकोनात बांधलेले दोर ते धक्क्याशी धरून ठेवतात, आणि तिरपे बांधलेले ‘स्प्रिंग’ दोर लांबीच्या दिशेने होणारी हालचाल आवरतात. ताण आलेला दोर तुटला तर तो चाबकासारखा उलटून माणसाचा जीव घेऊ शकतो. म्हणून त्याच्या उलटण्याच्या पट्ट्यात कोणी उभे राहू नये, याकडे मुकादमाचे सतत लक्ष असते. दोर पक्के झाल्यावर त्यांवर पत्र्याच्या गोल चकत्या बसवल्या जातात, त्या उंदरांना दोरावरून ये-जा करू देत नाहीत. वरच्या मजल्यांवर न्याहारी चालू असताना खाली होणारे हे काम थोड्या माणसांच्या अनुभवावर आणि परस्परविश्वासावर चालते. दिवसातील पुढील प्रत्येक गोष्ट त्यावर टांगलेली असते.

जहाज बांधले म्हणजे उतरण्याची परवानगी मिळाली असे होत नाही. साथीचा रोग जहाजावर नाही याबद्दल बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्यांची खात्री झाल्यावरच जहाजाला किनाऱ्याशी संपर्क ठेवण्याची मुभा मिळते. शिडाच्या जहाजांच्या काळात संशयित जहाजाला कित्येक दिवस दूर थांबावे लागे, आणि तपासणी मागणारा पिवळा ध्वज आजही दर्यावर्दी संकेतांत कायम आहे. आता आजाऱ्यांची नोंद, प्रवाशांची व खलाशांची यादी आणि मालाची माहिती आधीच पाठवलेली असते, त्यामुळे आरोग्य, सीमाशुल्क आणि आप्रवासन या खात्यांचे काम लवकर आटोपते. त्यानंतर खालच्या मजल्यावरील दार उघडून उतरण्याचा पूल लावला जातो. जमैकाच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील फरक कोकणकिनाऱ्याच्या मानाने अगदी कमी असल्याने हा पूल दिवसभरात फारसा हलवावा लागत नाही. दाराशी प्रत्येकाचे ओळखपत्र यंत्राला दाखवले जाते. जहाजे व बंदरे यांच्या सुरक्षेविषयीचे आंतरराष्ट्रीय नियम 1 जुलै 2004 पासून लागू झाले. धक्क्यावरील कुंपण, फाटक आणि पुन्हा चढताना होणारी तपासणी यांमागे तेच नियम आहेत.

पहिल्या दोन तासांत उतरणारी गर्दी तीन वाटांनी विभागली जाते. आधीच पैसे भरून सहली घेतलेले प्रवासी थेट बसगाड्यांकडे नेले जातात. त्यांतील काही मार्था ब्रे नदीवर बांबूच्या तराफ्यांतून फिरायला जातात. तराफा साधारण तीस फूट लांब असतो, मागच्या बाजूला दोन प्रवाशांचे आसन असते आणि पुढे उभा राहिलेला तराफेवाला एका लांब काठीने तळ रेटत तीन मैलांचा प्रवाह तासाहून थोड्या अधिक वेळात उतरवतो. काही प्रवासी ओचो रिओस या गावाजवळच्या डन्स रिव्हर धबधब्याकडे जातात, ज्यासाठी एका बाजूचाच प्रवास तासाहून अधिक असतो. दुसरा गट धक्क्यालगतच्या कुंपणबंद आवारातील दुकानांत व उपाहारगृहांत रमतो; त्या इमारतींना गावातील जुन्या घरांसारखे रूप दिलेले असल्याने गाव पाहिल्याचा भास तेथेच होऊ शकतो. तिसरा गट फाटकाबाहेर पडून प्रत्यक्ष गावात शिरतो. ऐतिहासिक फॅल्मथ धक्क्यापासून चालत काही मिनिटांवर असले, तरी या तीन वाटांपैकी सर्वांत कमी आखणी लाभलेली वाट तीच आहे.

या तिसऱ्या वाटेने निघालेला पाहुणा लवकरच वॉटर स्क्वेअर या चौकात येतो. 1799 मध्ये येथे पाणीपुरवठ्याची कंपनी स्थापन झाली. मार्था ब्रे नदीचे पाणी रहाटासारख्या चाकाने उचलून नळाने गावात आणले जाई आणि या चौकातील गोल दगडी हौदात साठवले जाई. न्यूयॉर्कच्या आधी फॅल्मथला नळाचे पाणी मिळाले, ही गोष्ट गावकरी आजही अभिमानाने सांगतात. पुढे हौद गेला आणि त्या जागी कारंजे आले. चौकालगत 1894 मध्ये उभारलेला बाजार असून त्याला राणी व्हिक्टोरियाच्या आल्बर्ट व जॉर्ज या नातवांची नावे दिलेली आहेत. या गावाचा बुधवारचा बाजार सबंध बेटावर प्रसिद्ध आहे. माल जमिनीवर मांडलेला असतो आणि घेणाऱ्याला वाकून तो निवडावा लागतो, म्हणून त्याला ‘बेंड डाउन’ बाजार म्हणतात. पूर्वी गावाच्या मधोमध भरणाऱ्या या बाजाराचे पुढे गावाबाहेर झालेले स्थलांतर हा स्थानिक जीवनातील मोठा बदल होता, कारण आसपासच्या खेड्यांतील स्त्रियांची विक्री आणि बंदरावर उतरणारा पाहुणा यांचे मार्ग त्यामुळे वेगळे पडले.

मार्केट स्ट्रीटवरून चालताना घरांची बांधणी न्याहाळली, तर उष्ण हवामान आणि इंग्लंडमधून आलेली अभिरुची यांची सांगड कारागिरांनी कशी घातली, ते दिसते. खालचा मजला घडीव चुनखडीच्या दगडाचा किंवा विटांचा, वरचा लाकडी, आणि वरच्या मजल्याचा पुढचा भाग खांबांवर पेलून पादचाऱ्यांच्या वाटेवर आणलेला, अशी येथील सर्वसाधारण रचना आहे. त्यामुळे घराला वरती हवेशीर खोली मिळते आणि रस्त्याला सावली मिळते. खिडक्यांना वरखाली सरकणारी तावदाने व आडव्या पट्ट्यांच्या झडपा असतात. झडपांतून वारा येतो, ऊन व पावसाची झड अडते. काही भिंतींत लाकडी चौकटीच्या पोकळीत दगडांचे तुकडे आणि चुना भरलेला असून जमैकात अशा भिंतीला स्पॅनिश भिंत म्हणतात. ब्रिटनमधून रिकामी येणारी जहाजे तोल सांभाळण्यासाठी तळाशी विटा आणत, त्याही येथल्या बांधकामात वापरल्या गेल्या. इंग्लंडच्या जॉर्ज नावाच्या राजांच्या काळातील प्रमाणबद्ध वास्तुशैलीला जॉर्जियन म्हणतात, आणि कॅरिबियन प्रदेशातील तिच्या सर्वाधिक सलग राहिलेल्या नमुन्यांत फॅल्मथची गणना होते. तथापि या घरांच्या सुतारकामात, गवंडीकामात आणि लोहारकामात गुलाम तसेच मुक्त कृष्णवर्णीय कारागिरांचे जे कसब ओतलेले आहे, त्याची दखल शैलीच्या नावातून घेतली जात नाही. ती पाहणाऱ्याने जाणीवपूर्वक घ्यावी लागते.

मार्केट स्ट्रीटवर बॅरेट कुटुंबाच्या घराचे अवशेष आहेत. गावाला जमीन देणारा एडवर्ड बॅरेट हा कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग हिचा पणजोबा होता, आणि तिच्या घराण्याच्या संपत्तीचे मूळ या किनाऱ्यावरील मळ्यांत होते. ड्यूक स्ट्रीटवरील सेंट पीटर्स चर्च 1795 चे आहे. समुद्राकडे तोंड करून उभे असलेले न्यायालय 1815 मध्ये बांधले गेले, 1926 मध्ये आगीत जळाले आणि पुन्हा उभारले गेले. या तीन वास्तू मालकवर्गाच्या फॅल्मथची ओळख करून देतात. दुसऱ्या फॅल्मथची ओळख विल्यम निब याच्या स्मरणार्थ असलेल्या बॅप्टिस्ट चर्चपाशी होते.

निब हा इंग्लंडमधील केटरिंगचा बॅप्टिस्ट धर्मोपदेशक. 1831 च्या नाताळात सॅम्युअल शार्प यांच्या नेतृत्वाखाली पश्चिम जमैकातील गुलामांनी उठाव केला. मजुरी मिळाल्याशिवाय काम करायचे नाही, हा त्यामागचा निर्धार होता. उठाव चिरडला गेला, 23 मे 1832 रोजी शार्प यांना माँटेगो बे येथे फाशी देण्यात आली, आणि मळेवाल्यांच्या जमावाने बॅप्टिस्टांची प्रार्थनागृहे पाडली, त्यांत निबचे फॅल्मथमधील प्रार्थनागृहही होते. याच सुमारास निबने इंग्लंडला जाऊन गुलामीविरुद्ध साक्ष दिली. 1833 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि 1 ऑगस्ट 1834 पासून जमैकातील सुमारे 3 लाख 11 हजार माणसे कागदोपत्री गुलाम राहिली नाहीत; परंतु मालकांना सबंध साम्राज्यात मिळून 2 कोटी पौंडांची भरपाई मिळाली, तर मुक्त झालेल्यांच्या वाट्याला ‘उमेदवारी’ नावाची व्यवस्था आली. तिच्यानुसार शेतमजुरांना आठवड्याचे साडेचाळीस तास पूर्वीच्या मालकाकडे विनामोबदला राबावे लागे.

ही व्यवस्था 1 ऑगस्ट 1838 रोजी संपली. 31 जुलैच्या रात्री फॅल्मथमध्ये निबच्या मंडळींनी जागरण केले, मध्यरात्रीचे ठोके पडल्यावर गुलामीचा अंत जाहीर झाला, आणि एका शवपेटीत साखळी, चाबूक व गळ्यातील लोखंडी पट्टा ठेवून ती पुरण्यात आली. ज्यांच्या आयुष्यातील प्रत्येक तास दुसऱ्याच्या हिशेबात मोडत होता, अशा माणसांनी घड्याळाच्या ठोक्याकडे लक्ष लावून आपला पहिला मुक्त क्षण मोजला, ही घटना जगाच्या श्रमेतिहासात मोठी आहे, आणि ती या लहान गावात घडली. निब 1845 मध्ये मरण पावला. त्याचे नाव असलेल्या येथील माध्यमिक शाळेत पुढे ट्रेलॉनीच्याच शेरवुड कंटेंट या खेड्यातील धावपटू उसेन बोल्ट शिकला, हे आजच्या पाहुण्यांना अधिक ठाऊक असते.

गुलामी संपली आणि 1846 मध्ये ब्रिटनने वसाहतींच्या साखरेला असलेले जकातीचे संरक्षण काढून घेण्यास सुरुवात केली, तसे मळे बंद पडू लागले. पुढे शिडाच्या जहाजांची जागा वाफेची मोठी जहाजे घेऊ लागली. त्यांच्यासाठी फॅल्मथची खाडी उथळ आणि खडकातील वाट अरुंद ठरली. 1894 मध्ये रेल्वे माँटेगो बेला पोहोचली, फॅल्मथला ती आलीच नाही. व्यापार गेला, पैसा गेला, म्हणून जुनी घरे पाडून नवी बांधण्याचे सामर्थ्यही गेले. गावाचे जतन झाले ते अशा दारिद्र्यामुळे. त्यामागे एखादी योजना नव्हती, आणि ज्या कुटुंबांनी गळके छप्पर डागडुजी करीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्यांचे ऋण वारसा या संकल्पनेवर आहे. 1996 मध्ये फॅल्मथला राष्ट्रीय वारसास्थळाचा दर्जा मिळाला, आणि त्यानंतरच्या काळात स्थानिक तरुणांना चुन्याचे गिलावे, लाकडी झडपा आणि छपरांचे जुने काम शिकवण्याचे प्रयत्नही झाले.

2011 मध्ये जमैकाचे बंदर प्राधिकरण आणि रॉयल कॅरिबियन ही जहाजकंपनी यांच्या भागीदारीतून दोन मोठी जहाजे एकाच वेळी लागू शकतील असा धक्का सुरू झाला. त्यासाठी समुद्रतळ खोदून पाण्यात नऊ मीटरांहून अधिक खोल तळ असणाऱ्या जहाजांना पुरेल अशी वाट केली गेली, आणि खोदकामाच्या पट्ट्यातील हजारो प्रवाळ व इतर सागरी जीव उचलून अन्यत्र वसवण्यात आले. दोन शतके ज्या खडकाने बंदराचे आकारमान ठरवले होते, त्याची मर्यादा अशा रीतीने ओलांडली गेली. आठ-नऊ हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या गावासमोर आता एकाच सकाळी गावाच्या लोकसंख्येहून अधिक माणसे उतरू शकतात. लाभ आणि अवलंबित्व दोन्ही त्यातून वाढले. मार्च 2020 मध्ये साथीमुळे जगभरातील क्रूझ जहाजे थांबली आणि वर्षाहून अधिक काळ धक्का ओस पडला, तेव्हा एकाच उत्पन्नावर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे सर्वांनी अनुभवले.

जहाजाच्या दिवशी गावात चालणाऱ्या कामाला स्वतःची शिस्त असते. पर्यटक वाहतूक करणारे परवानाधारक चालक, ज्यांपैकी अनेक जमैकातील प्रवासी वाहतूकदारांच्या जुटा या संघटनेचे सभासद असतात, लाल पाटीच्या गाड्या घेऊन आपल्या पाळीची वाट पाहतात. हस्तकलेचे विक्रेते पहाटेच माल मांडतात, कारण उतरणाऱ्यांची लाट सकाळीच येते आणि परतणाऱ्यांना खरेदीला सवड नसते. मार्गदर्शकाचे काम यांत सर्वांत अवघड होय. त्याला दीड-दोन तासांत साखर, गुलामी, वास्तुशैली आणि मुक्ती यांची संगती उन्हात चालणाऱ्या, अर्धे लक्ष घड्याळाकडे असलेल्या माणसांना समजावून द्यायची असते. त्यातील जाणते मार्गदर्शक इमारतींची यादी वाचत बसत नाहीत. एखाद्या वखारीच्या भिंतीपाशी उभे राहून साखरेचे पीप येथून कोठे गेले आणि त्याचे पैसे कोणाच्या खिशात पडले, एवढेच ते नीट उलगडून दाखवतात. सहलीचे पैसे जहाजावरच भरले जात असल्याने त्यातील वाटा किती हातांतून गावापर्यंत येतो, हा मात्र चालक, विक्रेते व मार्गदर्शक या तिघांच्याही जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

याच वेळी जहाजावरही काम थांबलेले नसते. प्रवासी उतरल्यावर खोल्यांची सफाई, आगीच्या व जहाज सोडण्याच्या कवायती आणि जीवरक्षक नौका पाण्यात उतरवून पाहण्याची कामे उरकली जातात. संकटसमयी जहाज सांभाळता यावे यासाठी कर्मचाऱ्यांपैकी ठरावीक संख्येला बंदरातही जहाजावर थांबावे लागते. उरलेल्यांना आपल्या पाळ्यांमधील फटीत तास-दोन तास किनारा मिळतो. या कर्मचाऱ्यांत गोव्याची, मुंबईची आणि कोकणची माणसे मोठ्या संख्येने असतात. स्वयंपाकघरात, भोजनकक्षात, यंत्रखान्यात काम करणाऱ्या या माणसांनी जगातील असंख्य बंदरांना पाय लावलेले असतात, पण तेथे त्यांचा बहुतेक वेळ घरी बोलण्यासाठी इंटरनेट मिळवण्यात आणि साबण, तेल, बिस्किटे अशा किरकोळ खरेदीत जातो. खलाशांच्या हक्कांविषयीच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय करारात किनारी जाण्याची मुभा आणि 24 तासांत किमान 10 तासांची विश्रांती यांना स्थान आहे. किनारभेटीचा विचार करताना पाहुण्यांच्या बरोबरीने या माणसांचाही विचार व्हायला हवा, कारण पाहुण्यांची सवड त्यांच्या श्रमांतून निर्माण झालेली असते.

दुपार कलली की प्रवाह उलटतो. निघण्याच्या वेळेच्या अर्धा ते एक तास आधी सर्वांनी परतावे, असा नियम असतो. दाराशी प्रत्येक ओळखपत्राची पुन्हा नोंद होते आणि उतरलेल्यांतून परतलेल्यांची वजाबाकी करून बाहेर कोण राहिले आहे, ते क्षणात कळते. जहाजकंपनीची सहल उशिरा परतली तर जहाज सहसा थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्या माणसाला अशी हमी नसते. बरेच प्रवासी फाटकाबाहेर दूर जाण्याचे टाळतात, ते याच भीतीने. नंतर पूल काढला जातो, धक्क्यावरची माणसे एकेक फास खुंटावरून उतरवतात आणि आडव्या पंख्यांच्या जोरावर जहाज धक्क्यापासून सुटते. गावाच्या पूर्वेला एक खाडी आहे, जिच्या पाण्यात पायरोडिनियम नावाचे सूक्ष्मजीव हालचालीने निळसर प्रकाश देतात. जगात अशा जागा थोड्या आहेत. पण ते दृश्य अंधार पडल्यावरच दिसते आणि तोवर बहुतेक जहाजे निघून गेलेली असतात.

या साऱ्या निरीक्षणातून एक गोष्ट ठामपणे मांडता येते. अशा बंदरांच्या यशाचे मोजमाप आज उतरलेल्या माणसांच्या संख्येने केले जाते. ते फाटकाबाहेर गेलेली माणसे आणि त्यांनी गावात घालवलेला वेळ यांवरून केले पाहिजे. जहाजाने बंदरात आठांऐवजी बारा तास थांबावे, सकाळच्या गर्दीऐवजी मार्गदर्शकांच्या छोट्या तुकड्या दिवसभर निघाव्यात, स्वतंत्रपणे चालणाऱ्यालाही परतीच्या वेळेचे भान देणारी सोय गावात असावी, बुधवारच्या बाजाराची वाट पाहुण्यांच्या वाटेला पुन्हा जोडली जावी, आणि प्रवाशामागे मिळणाऱ्या शुल्कातील निश्चित वाटा जुन्या घरांची छपरे व झडपा सांभाळणाऱ्या कुटुंबांना मिळावा, या गोष्टींसाठी नवे खोदकाम लागत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये मेलिसा चक्रीवादळाने पश्चिम जमैकाला दिलेल्या तडाख्यानंतर तर लाकडी वास्तूंच्या देखभालीसाठी कायमचा निधी हवा, ही गरज अधिकच तातडीची झाली आहे. क्रूझ पर्यटनाने कोकणातील लहान बंदरांचे भले होईल असे मानणाऱ्यांनीही धक्क्याची लांबी ठरवण्यापूर्वी वेळेच्या वाटणीचा हा प्रश्न आधी सोडवावा. आपल्या तासांवर आपला हक्क असावा यासाठी फॅल्मथच्या माणसांनी पूर्वी लढा दिला आहे. त्यांच्या गावाला मिळणाऱ्या तासांचा हिशेब ठरवताना त्यांचा शब्द अखेरचा असणे, हे त्या इतिहासाचे सरळ मागणे आहे.